‘झालं’ म्हणणारा माणूस

भाच्याने पेन ड्राइव्हवर आणलेली मखराची फाइल उघडली, तर पहिल्या ओळीत नुसतं एक % होतं. मागेपुढे काही नाही. शेवटच्या ओळीतही तेच. ‘‘मामा, हे चुकून आलंय का? काढून टाकू?’’ त्याने विचारलं. म्हटलं, राहू दे. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ते तिथे बसलंय.

ते चिन्ह फितीचं आहे. भोकं पाडलेली फीत मागे गुंडाळली जाताना कुठे थांबायचं, याची ती खूण. त्या फाइलीच्या अखेरीला ‘एम ३०’ असतं, त्याचा मूळ अर्थ ‘काम संपलं, फीत मागे गुंडाळ’ असा. आज गुंडाळायला फीत कुठेच नाही. माझ्या चिंचवडच्या घराच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, लाकूड कापणाऱ्या राउटरला तर फितीचा वासही लागलेला नाही. तरी हुकूम तोच, लिपी तीच.

मी ती फीत हातात धरलेली आहे. १९८३ मध्ये पिंपरीच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो, तेव्हा शॉपच्या एका कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून एक एनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकुमावर चालणारं, मिलिंग मशीन ठेवलेलं होतं. आम्हा पोरांना आत जायची परवानगी नव्हती. पुढे दीड वर्षाने माझी बदली मेंटेनन्सला झाली आणि पहिलं काम मिळालं ते फीत वाचणारं डोकं साफ करण्याचं. फीत एक इंच रुंद. रुंदीत आठ भोकांची जागा, आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या मधे फीत ओढणाऱ्या दातांसाठी बारीक भोकांची वेगळी ओळ. एका इंचात दहा अक्षरं बसत. नव्या प्रोग्रॅमची चाचणी कागदी फितीवर करायची, आणि सगळं बरोबर निघालं की तोच प्रोग्रॅम मायलारच्या फितीवर पाडून डब्यात घालायचा. कागदावर तेलाचं बोट लागलं की उजेड आरपार जाई आणि वाचणाऱ्या डोळ्याला नसलेलं भोक दिसे.

पण त्या फितीत एक शहाणपण होतं. आमच्याकडच्या ईआयए पद्धतीत प्रत्येक अक्षराची भोकं विषम असलीच पाहिजेत. सम भरत असतील तर पाचव्या रांगेत एक जादा भोक पाडायचं. एखादं भोक बुजलं, फाटलं, तेलाने खोटं दिसलं, की बेरीज सम होई आणि मशीन तिथल्या तिथे थांबे. आपण चुकीचं वाचतोय, हे त्या मशीनला कळायचं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण घरचं मशीन लावताना महिनाभर मला याच गोष्टीची उणीव भासली.

मशीन जुनंच घेतलं. पुण्यात नेमप्लेट आणि ॲक्रिलिकची अक्षरं कापणारं एक दुकान बंद होत होतं, तिथून. सहाशे बाय चारशे मिलिमीटरचा टेबल, चिनी बनावट, तीन मोटारी, पाण्याने थंड होणारा स्पिंडल आणि एक निळा कंट्रोल बॉक्स. कारण भाच्याचं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचा धंदा पुठ्ठ्याकडे, प्लायकडे, एमडीएफकडे वळला. भाचा आधी बाहेरून कापून आणायचा. ऐन श्रावणात त्याला कोणी तारीख देईना. शेवटी म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. घरीच लावू की.’’

टेम्पोतून उतरवल्यावर पहिलं काम वीज जोडायचं नसतं. माझे वडील सुतार, कराडजवळच्या गावातले. दाराची चौकट जोडली की ते गुण्या लावण्याआधी सुतळीने दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसले तर चौकट गुण्यात नाही, मग कोपरे कितीही नीट दिसोत. मीही तेच केलं. स्पिंडलच्या जागी बॉलपेन बांधलं आणि हाताने मोटारी फिरवत पाचशे बाय तीनशेचा आयत एमडीएफवर आखला. दोन्ही कर्ण ५८३ च्या आसपास यायला हवेत. एकमेकांत दीड मिलिमीटरचा फरक निघाला. वाहतुकीत आडवा पूल एका बाजूने सरकला होता. बोल्ट ढिले करून, पूल रेटून, पुन्हा आवळून, चौथ्या खेपेला कर्ण जुळले. सुतळीच्या जागी स्टीलची पट्टी आली, एवढाच फरक.

मग वीज. जुन्या मालकाचा कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला, त्यातली सेटिंग गेलेली. मोटार किती पल्सना एक मिलिमीटर सरकते, हे पुन्हा काढायचं होतं. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या, ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे आठ तुकडे करतो, म्हणजे १६००. स्क्रू एका फेऱ्यात किती पुढे जातो, त्याने भागायचं. मी चार मिलिमीटर धरले आणि ४०० लिहिलं. शंभर मिलिमीटर सांगितलं तर टेबल सव्वाशे गेला. म्हणजे स्क्रू पाचचा. ३२० लिहिल्यावर व्हर्निअरमध्ये शंभर बरोबर आलं. असल्या चुका प्रेमळ असतात, लगेच सापडतात. त्रास देतात त्या बारक्या.

बारक्या चुकीपर्यंत पोचण्याआधी हे मशीन कुठून आलं ते सांगायला हवं. तो इतिहास माहीत नसता तर मला ती चूक सापडली नसती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचं गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची गोष्ट. पात्याच्या आडव्या छेदाचा बाक कसा असावा, हे सांगायला सतरा बिंदू मिळायचे. मधला बाक कारागिराने वक्रपट्टीने जोडायचा. त्यांचा इंजिनिअर फ्रँक स्टुलेन याने भोकाच्या कार्डांवर चालणारी आयबीएमची हिशेबाची यंत्रं वापरून त्या सतरा बिंदूंच्या मधले बिंदू काढले, सतराचे दोनशे केले. आता दोनशे बिंदूंवर कटर न्यायचं कसं? त्यांनी तीन माणसं उभी केली. एक जण तक्त्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचा. एक जण एक्सचं चाक फिरवायचा, दुसरा वायचं. दोघं जागेवर पोचले की कटर खाली. मग पुढचा आकडा. शेवटी उरलेल्या बारीक पायऱ्या कानशीने घासल्या की बाक तयार.

मला ते दृश्य फार जवळचं वाटतं. आमच्या शॉपमध्ये जिग बोरिंगवर असंच काम चालायचं. हेल्पर ड्रॉइंगवरून आकडा ओरडे, मिस्त्री चाक फिरवून ‘झालं’ म्हणे, मग हेल्पर पुढचा आकडा. ‘झालं’ ऐकल्याशिवाय पुढचा आकडा ओरडला तर शिव्या बसत. त्या एका शब्दावर सगळं काम उभं असे.

पार्सन्स यांना त्या तीन माणसांच्या जागी यंत्रणा हवी होती. १९४९ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचं कंत्राट मिळालं. मोटारीच्या नियंत्रणाचं काम त्यांनी एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे सोपवलं, आणि हळूहळू प्रकल्प एमआयटीचाच होऊन बसला. सप्टेंबर १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रो-टेल मिलिंग मशीनवर पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. मशीनशेजारी व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेली कपाटं, कपाटांत फीत. पार्सन्स यांना पेटंट मिळालं १९५८ मध्ये. देशाने त्यांचा आणि स्टुलेन यांचा राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देऊन सन्मान केला तो १९८५ मध्ये. मी तेव्हा फितीचं डोकं साफ करत होतो.

प्रयोगशाळेच्या नावातच मर्म आहे. सर्वो म्हणजे मोटार फिरवून गप्प न बसणारी रचना. टेबल खरंच किती सरकला हे मोजायचं, सांगितलेल्याशी ताडायचं, कमी पडलं तर आणखी फिरवायचं. म्हणजे ओरडणारा फितीत गेला, चाक फिरवणारे मोटारीत गेले आणि ‘झालं’ म्हणणाराही यंत्रात गेला. तिघंही होते.

त्याच काळात दुसरी एक वाट होती. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांत असा प्रयोग चालला होता, की कसबी मिस्त्रीने एकदा हाताने काम करायचं, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि पुढचे नग यंत्राने तशाच हालचाली करून काढायचे. ती वाट मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात मांडलं आहे, की कारखान्याचा ताबा मिस्त्रीच्या हातून काढून ऑफिसात नेण्याची ओढ हे आकड्यांची वाट निवडण्यामागचं एक मोठं कारण होतं. मला ते निम्मं पटतं. काचेच्या पार्टिशनबाहेर उभं राहून मी ती ओढ पाहिलेली आहे. प्रोग्रॅम वरून यायचा, ऑपरेटरने बटण दाबायचं. पण हेलिकॉप्टरच्या पात्याचा बाक कोणाच्या मनगटातून टिपून घेणार होते? तो मनगटात नव्हताच, तो गणितात होता. सागाच्या दारावरची वेल मात्र मनगटातली. वडिलांची पटाशी कोणी टिपून ठेवली असती, तर मी ती फीत आज जपून ठेवली असती.

पुढचं भराभर सांगतो. प्रत्येक आकडा हाताने काढणं अशक्य म्हणून डग्लस रॉस यांच्या मार्गदर्शनाखाली एपीटी ही भाषा तयार झाली. फेब्रुवारी १९५९ मध्ये तिची घोषणा करताना त्या पद्धतीने कापलेले ॲल्युमिनिअमचे ॲशट्रे पाहुण्यांना भेट दिले. मशीनला समजणारी जी-एमची लिपी अमेरिकेत आरएस-२७४ या नावाने प्रमाण झाली. तिची ‘डी’ आवृत्ती १९८० ची. भाच्याची फाइल त्याच घराण्यातली. ती फाइल दीड मेगाबाइटची आहे. इंचाला दहा अक्षरांनी मोजलं, तर फीत पावणेचार किलोमीटरच्या वर जाईल. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो मोबाइलवर हिशेब करून बघत होता.

हे यंत्र कारखान्याच्या गेटबाहेर आलं ते १९९० च्या दशकात, आणि आलं ते कोणी तरी एक गोष्ट काढून टाकल्यामुळे. उत्तर कॅरोलिनात टेड हॉल हे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांना प्लायवूडची होडी बांधायची होती आणि प्लायचे तुकडे अचूक कापायला परवडणारं यंत्र मिळेना. त्यांनी स्वतःच बनवलं, त्यातून शॉपबॉट उभी राहिली. पुढे एमआयटीच्या फॅब लॅबमध्ये मोठं लाकूड कापायला याच जातीचं यंत्र रूढ झालं. आणि फॅब लॅबचा धागा तर आमच्या दारापर्यंत येतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. तो आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये काढला, मी कारखान्याच्या गेटातून पहिल्यांदा आत गेलो त्याच वर्षी. हाताने काम करत शिकायचं, हे त्यांचं म्हणणं. काचेच्या पार्टिशनच्या नेमकं उलट.

सॉफ्टवेअरचीही अशीच गोष्ट. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने, एनआयएसटीने, मशीन चालवणारा ईएमसी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. सरकारी काम म्हणून तो सगळ्यांना खुला. त्याच्यातून पुढे लिनक्ससीएनसी निघालं, आणि ईएमसीच्याच आधाराने आर्ट फेनर्टी यांनी सुरुवात करून माक ३ पर्यंत मजल मारली. माझ्या निळ्या बॉक्सला तेच लागतं. त्यासाठी रद्दीच्या भावात जुना कॉम्प्युटर आणला, कारण बॉक्सची वायर मागच्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टलाच लागते, आणि माक ३ त्या पोर्टशी फक्त ३२ बिटच्या विंडोजवर बोलतं. छपाईसाठी केलेलं पोर्ट ते. बाहेर जाणाऱ्या बारा तारा, आत येणाऱ्या जेमतेम पाच. कागद संपला, प्रिंटर बिझी आहे, एवढं कळवायला पाच पुरेत.

काढून टाकलेली गोष्ट कोणती, ते इथे दिसतं. सांगायला बारा तारा, ऐकायला पाच, आणि मोटारींकडून ऐकायला एकही नाही. घरगुती राउटरला स्टेपर मोटारी असतात. पल्स पाठवली की पायरीभर फिरायचं, मोजायचं नाही, कळवायचं नाही. म्हणून तर ते एवढ्या किमतीत मिळतं. ओरडणारा आहे, चाक फिरवणारे आहेत, ‘झालं’ म्हणणारा नाही. एखादी पायरी हुकली तर मशीन पूर्ण विश्वासाने चुकीच्या जागी कापत राहतं. बेरीज सम आली म्हणून थांबणारी ती जुनी फीत मला तेव्हा फार आठवली.

पहिलं मखर कापायला घेतलं. कमळाच्या पाकळ्या, मधे जाळी. पहिल्या दोन ओळी सुरेख. तिसऱ्या ओळीपासून पाकळ्यांचे देठ डावीकडे सरकायला लागले आणि शेवटची ओळ पाच-सहा मिलिमीटर बाजूला पडली. पूर्ण पत्रा वाया.

पहिला संशय कपलिंगवर. ॲलन की लावली तर एक्सचा ग्रब स्क्रू खरंच पाव फेरा आवळला गेला. डायल लावून बघितलं, जाऊन परत येताना १८ शतांशाचा प्ले होता. बेअरिंगचं नट आवळून तो तीन शतांशांवर आणला. समाधान वाटलं. दुसरा पत्रा लावला. सरकणं जसंच्या तसं.

प्लेने काम खराब होतं, पण असं एकाच दिशेला साठत जात नाही. साठतं म्हणजे कोणीतरी दर वेळी थोडं थोडं खातंय. म्हणून कापणं थांबवलं आणि चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: एक मिलिमीटर उजवीकडे, एक मिलिमीटर डावीकडे, हजार वेळा. पेनची खूण केली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा खूण सव्वासहा मिलिमीटर सरकली होती. सव्वासहाला हजाराने भागलं. एका फेरीला ०.००६२५. आणि माझी एक पायरी म्हणजे एका मिलिमीटरचा तीनशे विसावा भाग, ०.००३१२५. बरोबर दुप्पट. कमी नाही, जास्त नाही.

ढिला स्क्रू इतका नेमका चुकत नाही. वायर ढिली असेल तर चूक कधी दोन, कधी सात अशी यायची. दर फेरीला मोजून दोन पायऱ्या जात होत्या, म्हणजे एक उजवीकडे जायची ती जात नव्हती आणि तिच्याऐवजी एक डावीकडे जात होती. वळणावरची एक पायरी उलट्या दिशेने पडत होती. दिशा बदलल्याचा हुकूम आणि पायरीची पल्स एकाच क्षणी पोचत होते. बॉक्समधला प्रकाशावर चालणारा ऑप्टो पेटतो लवकर, विझतो सावकाश, त्यामुळे एका बाजूने वळताना वेळ पुरायचा, दुसऱ्या बाजूने नाही. सेटिंगच्या पानावर एक्सच्या ओळीत पल्सची कड उलटी धरलेली होती. लाल फुलीच्या जागी हिरवी खूण केली. हजार फेऱ्या पुन्हा. पेनची खूण जागची हलली नाही. त्या दिवशी मी जेवणाआधी आणखी तीन वेळा ते चालवलं, केवळ बघायला.

दुसरं दुखणं विजेचं. स्पिंडल चालू केला की अधूनमधून मशीन ‘लिमिट लागली’ म्हणून थांबायचं, टेबल मधोमध असताना. आत येणाऱ्या तारा पाचच, म्हणून सगळ्या बाजूंचे लिमिट स्विच एकाच तारेवर ओवलेले. कुठला खोटं बोलतोय ते कळायला मार्ग नाही. स्पिंडलला चोवीस हजार फेरे द्यायला ड्राइव्ह ४०० हर्ट्झची वीज तयार करतं, आणि तो कल्लोळ शेजारून जाणाऱ्या पाच व्होल्टच्या बारीक तारेत शिरतो. स्पिंडलची वायर शील्डवाली घातली, शील्ड अर्थ केलं, लिमिटच्या तारा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. निम्मं थांबलं. मग मीटर लावला तर घराच्या अर्थिंगमध्येच दम नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीचा खड्डा, पार सुकलेला. नवा खणून घेतला, तांब्याचा पत्रा, वर मीठ आणि कोळशाचे थर, ओतायला पाइप. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालतो. तेव्हापासून लिमिट खोटं बोललेली नाही.

आता श्रावण लागायला पंधरा दिवस आहेत आणि भाच्याकडे एकशेदहा मखरांची यादी आहे. रोज सकाळी पहिला पत्रा लावण्याआधी आमची तपासणी होते. मी कॉम्प्युटरपाशी बसून टेबल दोनशे पाठवतो आणि परत आणतो, बायको स्टुलावर बसून चष्मा लावून डायल बघते. पहिल्या दिवशी तिला शून्य कुठे आणि एक शतांश म्हणजे केवढी रेघ, एवढंच सांगितलं होतं. आता ती मला टेबल थांबण्याआधी बोलू देत नाही.

‘‘पाठवतोय गं.’’

टेबल गेला, आला, थांबला. पंपाचं पाणी बादलीत पडत होतं.

‘‘अहो, काटा शून्यावर. पाव रेघ इकडे असेल-नसेल.’’

‘‘झालं?’’

‘‘झालं. लावा पत्रा.’’